पालकाची वाटी

“ही वाटी रिकामी झाल्याशिवाय या टेबलावरून कोणीही उठणार नाही!”

मास्तरांनी हे वाक्य टेबलावर मूठ आपटून उच्चारलं. मूठ नेमकी चमच्याच्या टोकावर पडली, चमचा हवेत उडाला आणि समोर बसलेल्या आजोबांच्या भातात जाऊन रुतला. आजोबांनी भात खायचं थांबवून आधी चमच्याकडे आणि मग आपल्या मुलाकडे पाहिलं. मास्तरांची मुलगी भिंगरी मात्र वाटीकडे पाहत होती. वाटीत काळपट हिरवा पालक होता आणि तोही तिच्याकडे पाहत असावा असा एकंदर प्रकार होता.

मास्तर शाळेतले नव्हते, ड्रायव्हिंग स्कूलचे होते. आपण “ब्रेक!” म्हणून ओरडावं आणि शेजारच्याने घाबरून तो दाबावा, अशी त्यांना वर्षानुवर्षांची सवय. घरात ही सवय फारशी उपयोगी पडत नसे. त्यांची बायको मोठ्या इस्पितळात सिस्टर होती आणि तिला घाबरवणारा माणूस अजून त्या इस्पितळात दाखल झालेला नव्हता. आजोबा शहर बस कामगारांच्या युनियनचे माजी नेते. निवृत्त झाले ते नोकरीतून, भांडणातून नव्हे. आणि राहिली भिंगरी. ती होती सात वर्षांची.

भिंगरी पांढरं खायची. भात, दूध, पाव, सोललेला बटाटा. ज्या पदार्थाला रंग आहे तो तिच्या लेखी संशयित होता. शिजवलेले वाटाणे डोळे वटारून बघतात, कोबी ओल्या मोज्यासारखा लागतो आणि पपईला “आजारी माणसाच्या खोलीचा” वास येतो, हे तिने वेळोवेळी जाहीर केलं होतं. परिणामी तिचं पोट दर दोन-तीन दिवसांनी संपावर जायचं. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, मग आईबापांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मी बाटली लिहून देतो, पण किती दिवस देणार? हिचं औषध बाजारात टोपलीत मिळतं. ते हिच्या पोटात कसं घालायचं ते तुम्ही बघा.”

सिस्टरने बघितलं. गाजराच्या चांदण्या कापून झाल्या, पालक पिठात लपवून झाला, बिटाला “राजकन्येचं सरबत” म्हणून झालं. भिंगरीने चांदण्या खिडकीतून आकाशात परत पाठवल्या. सरबत राजकन्येसाठी राखून ठेवलं. शेवटी मास्तर म्हणाले, “तुझे हे सगळे लाड आहेत. मुलांना शिस्त लागते. मला एक रविवार दे.”

“घे,” सिस्टर म्हणाली, “मला नाहीतरी ड्यूटी आहे.” आणि सकाळी पर्स उचलून ती निघून गेली. जाताना ती हसली होती, ते मास्तरांना आवडलं नव्हतं.

पालक मास्तरांनी स्वतः शिजवला. पातेल्याच्या वर डोंगरासारखा आलेला हिरवागार पाला बघून त्यांनी त्या डोंगराला पुरेल एवढं मीठ घातलं. झाकण ठेवून थोड्या वेळाने बघतात, तर डोंगर गायब आणि तळाशी वाटीभर चिखल. बाकीचा पालक कुठे गेला या विचारात ते एवढे गुंतले, की मीठ मात्र कुठेही गेलेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चव घेऊन बघायचा तर प्रश्नच नव्हता. उन्हाळ्याचे दिवस, चुलीपुढची धग. पालक शिजेपर्यंत त्यांनी पाण्याचा अख्खा जग मात्र रिकामा केला.

वाटी समोर आली तेव्हा भिंगरीने नियमाप्रमाणे बोटाच्या टोकावर इतकुसा पालक घेतला, जिभेला लावला आणि वाटी दूर सरकवली.

“खारट आहे.”

“बहाणे नकोत.”

“बहाणा नाही. खारट आहे. तू खाऊन बघ.”

“मी खायचा प्रश्न नाही. तू खायचा प्रश्न आहे.”

“मी नाही खाणार.”

आणि इथे ती मूठ आपटली गेली होती.

“कोणीही?” भिंगरीने विचारलं.

“कोणीही!”

“म्हणजे तूपण?”

 मदतीसाठी मास्तरांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा भातातून चमचा उपसत होते.

“शब्द ‘कोणीही’ असाच होता,” आजोबा म्हणाले. “मी ऐकला. स्वच्छ ऐकला.”

“अहो नाना, बोलण्याच्या भरात माणूस...”

“भरात बोललेलं मागे घेता येतं की. आमच्या डेपो मॅनेजरनेही एकदा घेतलं होतं. त्या दिवसापासून त्याला चहावालासुद्धा विचारेना. घे तू मागे, माझं काही म्हणणं नाही.”

भिंगरीने हाताची घडी घातली. “तू उठलास तर मी जिंकले,” तिने जाहीर केलं.

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली आणि तेही हाताची घडी घालून बसले. “कोण आधी उठतं ते बघूच,” ते म्हणाले.

सुरुवातीला त्यांना खात्री होती की पोरगी फार तर दहा मिनिटं टिकेल. पण भिंगरी बसली ती बसलीच. तिने टेबलावरच्या रेषा मोजल्या, एक गाणं म्हटलं, पाय हलवले. आजोबा तर अशा बैठकींसाठीच जन्मलेले. ते खुर्चीत जरा खाली सरकले, चष्मा कपाळावर चढवला आणि गतकाळातल्या संपांच्या आठवणी डोळ्यांपुढे आणून प्रसन्न दिसू लागले. अस्वस्थ झाले ते मास्तरच. त्यांना त्या पाण्याच्या जगाची आठवण यायला लागली होती.

तेवढ्यात वर गच्चीवरून आवाज आला. आधी टपटप, मग धो धो.

“टाकी भरली,” भिंगरी म्हणाली.

“कळतंय मला.”

इमारतीत दर घराला पंप लावायची पाळी असे आणि रविवार मास्तरांचा. जेवायला बसण्याआधी ते खाली जाऊन पंप सुरू करून आले होते. टाकी भरेपर्यंत वाटी संपेल, असा त्यांचा अंदाज होता.

“मग जा ना बंद करायला,” भिंगरी अत्यंत गोड आवाजात म्हणाली.

“नाही जाणार.”

“पाणी वाया जातंय.”

“जाऊ दे!”

“कसं वाहतंय बघ. धो धो धो धो. खळ खळ खळ...”

“गप्प बस!” मास्तर ओरडले आणि त्यांनी पायावर पाय टाकून तो घट्ट दाबून धरला.

जिन्यात पावलं वाजली. पावलांबरोबर पचक पचक असाही आवाज येत होता. दारातून आत आले ते वरच्या मजल्यावरचे, इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. अंगावर बनियन, हातात ब्रश आणि लेंग्याच्या दोन्ही पायांवर निळ्या रंगाचे ओघळ.

“मास्तर! पंप!”

“माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणजे? माझ्या बाल्कनीत धबधबा कोसळतोय! सकाळपासून खुर्च्या रंगवत होतो, सगळा रंग वाहून माझ्या पायावर आला! आधी उठा आणि बंद करा.”

“मी उठू शकत नाही. तुम्ही जाता जाता बटण दाबा ना.”

“मी?” सेक्रेटरींचा आवाज चढला. “ज्याने पंप लावला त्यानेच तो बंद करायचा. नियम आहे!”

“कोणी केला हा नियम?”

“मी केला! आणि तुमच्याचमुळे केला! आज या गोष्टीचा निकालच लावून टाकतो,” असं म्हणून सेक्रेटरींनी रिकामी खुर्ची ओढली आणि ते तिच्यावर ठाण मांडून बसले. बुडाखाली काहीतरी ओलं लागलं, पण ते त्यांचं त्यांनीच आणलेलं होतं.

“काका,” भिंगरी म्हणाली, “तुम्ही बसलात.”

“बसलो. मग?”

“मग आता उठता येणार नाही.”

आजोबांनी सगळी हकीकत थोडक्यात सांगितली. ‘कोणीही’ या शब्दावर त्यांनी विशेष जोर दिला. सेक्रेटरी ऐकता ऐकता लालबुंद झाले.

“हा काय पोरखेळ लावलाय? मी या घरातला नाही. मी निघालो.”

ते अर्धवट उठले तोच आजोबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “सेक्रेटरीसाहेब, खाली जिन्यात एक पाटी आहे. ‘येथे येणाऱ्या प्रत्येकाने येथील नियम पाळावेत.’ कोणी लावली ती?”

सेक्रेटरी होते त्याच अवस्थेत, गुडघे वाकवून, हवेत थांबले. “ती... ती इमारतीसाठी आहे.”

“आणि हे घर इमारतीत नाही तर काय नदीत आहे?”

वरचं पाणी ऐकता हा प्रश्न अगदीच अप्रस्तुत नव्हता. सेक्रेटरी हळूहळू खाली आले आणि पुन्हा खुर्चीत बसले. नियम मोडणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांच्यात आपली गणना व्हावी हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

“पण मी निषेध नोंदवतो,” ते म्हणाले.

“जरूर नोंदवा,” आजोबा म्हणाले. “बसून.”

एवढ्यात दारात कॅशियरबाई उभ्या राहिल्या. मास्तरांची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. बँकेच्या काउंटरवर त्या दिवसभर नोटा अशा मोजत, की बघणाऱ्याला गरगरावं; पण स्टिअरिंग हातात आलं की त्यांना स्वतःलाच गरगरे. परीक्षेत अनेकदा नापास होऊन झालं होतं आणि पुढची परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती. शेवटच्या सरावासाठी त्या खाली गाडीपाशी केव्हाच्या उभ्या होत्या. हातात भाजीची फुगलेली पिशवी होती.

“सर, येताय ना? म्हटलं उन्हात भाजी सुकेल, म्हणून वरच आले. बाई गं, काय हे जिने!” आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या धापा टाकत एका रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

“बसल्या!” भिंगरीने टाळी वाजवली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. हकीकत पुन्हा सांगण्यात आली. या वेळी सेक्रेटरींनीही मधूनमधून भर घातली. कॅशियरबाईंचा चेहरा ऐकता ऐकता उजळत गेला.

“म्हणजे आज गाडी नाही चालवायची?”

“बाई, उद्या परीक्षा आहे तुमची! तुम्हाला अजून उलटी गाडी घेता येत नाही. तुम्ही उठा, मी सांगतो ना, उठा!”

“छे छे, सर. घरातला नियम मोडून कसं चालेल?” कॅशियरबाई खुर्चीत ऐसपैस झाल्या. “बसते की मी. मला काही घाई नाही.”

पण नुसतं बसणं त्यांच्या हातांना जमेना. नोटांच्या सवयीने बोटं शिवशिवायला लागली. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. वाटाण्याच्या शेंगांचा ढीग झाला आणि त्यातून पाच-सहा लालबुंद गाजरं घरंगळत गेली. “धुतलेली आहेत हो, बाजारातल्या नळावर धुऊन घेतली,” असं टेबलाला उद्देशून सांगून त्यांनी मास्तरांचं रिकामं ताट पुढे ओढलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. टच् की शेंग फुटे, सर्र की दाणे ताटात. शेंगा मोकळ्या होऊन भिंगरीच्या बाजूला पडू लागल्या.

आता टेबलाभोवती पाच माणसं होती, मध्ये पालकाची वाटी होती आणि वरून पाणी कोसळत होतं. सगळे एकदम बोलत होते. भिंगरीने एक गाजर उचललं आणि ते टेबलावर ठाण ठाण आपटलं.

“शांत बसा! एकेकाने बोला. आधी काका.”

सेक्रेटरींना मनापासून बरं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या सभांमध्ये एवढी शिस्त कधीच नसे. ते घसा खाकरून म्हणाले, “मास्तर, तुमचे मूळ शब्द काय होते? ‘ही वाटी रिकामी झाल्याशिवाय.’ बरोबर? कोणी रिकामी करायची, ते त्यात आहे का?”

मास्तर चमकले. “ते सांगायला कशाला हवं? तिनेच!”

“मूळ शब्दांत ‘तिने’ नाही,” आजोबा म्हणाले.

“झालं तर मग!” सेक्रेटरींनी बाह्या सरसावल्या, बनियनला त्या नव्हत्या तरीही. “मी खातो. मला पालक आवडतो. दोन मिनिटांत प्रश्न सुटला. आणा ती वाटी.”

“हात लावू नका!” मास्तर ओरडले. “हा तत्त्वाचा प्रश्न आहे!”

पण वाटी सेक्रेटरींच्या हातात पोचली होती. त्यांनी चांगला भरघोस चमचा भरला आणि तोंडात घातला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांच्या भुवया वर गेल्या, डोळे भरून आले आणि नाकातून रडवेला सूर निघाला. त्यांनी घास कसाबसा गिळला.

“मास्तर,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “या पालकात मीठ...”

“जास्त झालंय का?” कॅशियरबाईंनी विचारलं आणि करंगळीने चव घेतली. “अगं आई गं!” त्यांनी समोरचे चार वाटाणे तोंडात टाकले. “अहो, ह्या मिठात पालक पडलाय!”

वाटी आजोबांकडे गेली. आजोबांनी चाखून पाहिलं, डोळे मिटले आणि काहीही न बोलता ती मास्तरांपुढे ठेवली.

सगळ्या टेबलाचे डोळे मास्तरांवर. आता खाण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. त्यांनी चमचा तोंडात घातला. आपल्या तोंडात नक्की काय चाललं आहे ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी फार प्रयत्न केला, पण कानांच्या पाळ्या आपोआप हलल्या.

“थोडं... मीठ वर गेलंय,” ते म्हणाले.

“मी तुला मघाशीच सांगितलं होतं,” भिंगरी म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती हे अगदी शांतपणे, गाजराशी चाळा करत म्हणाली. मास्तरांनी चमचा खाली ठेवला. पोरीने एवढ्या बहाण्यांत एकदा खरं सांगितलं होतं आणि नेमकं तेव्हाच आपण ऐकलं नव्हतं. “चुकलं बाळा,” असं म्हणावं असं त्यांना मनापासून वाटलं. ते म्हणालेही असते, पण समोर सेक्रेटरी बसलेले होते.

“ठीक आहे, खारट आहे, मान्य,” ते म्हणाले. “पण समज, उद्या मी छान केला. अगदी मीठ मोजून. मग खाशील?”

“नाही.”

“का?”

“तू खा म्हणतोस म्हणून.”

“भूमिका स्पष्ट आहे,” आजोबा समाधानाने म्हणाले. “इतकी स्पष्ट भूमिका मी आमच्या कमिटीत कधी पाहिली नाही.”

“तुम्ही तिला फूस लावू नका, नाना! अगं, तू नाही तर मग पालक खायचा तरी कोणी?”

“पालकांनी,” भिंगरी म्हणाली. “म्हणून तर त्याला पालक म्हणतात.”

सेक्रेटरी खो खो हसले. कॅशियरबाईंच्या हातातली शेंग निसटली. आजोबांनी टेबलावर थाप मारली. मास्तर मात्र भडकले. “पालकांनी ना? पालकांनी? बघच आता!” असं म्हणून त्यांनी वाटी छातीशी धरली आणि एकामागून एक चमचे तोंडात कोंबायला सुरुवात केली. दुसऱ्या चमच्याला घाम फुटला. तिसऱ्याला त्यांनी आजोबांचा पेला उचलून घटाघट पाणी प्यायलं. चौथ्यानंतर भिंगरीचा पेलाही संपवला. आणि मग एकाएकी ते थांबले. मघाच्या जगाला आता दोन पेले येऊन मिळाले होते आणि वरून पाणी धो धो कोसळतच होतं. मास्तरांनी वाटी खाली ठेवली, गुडघे एकमेकांवर दाबले, टेबलाची कड दोन्ही हातांनी पकडली आणि छताकडे बघत ते अगदी स्तब्ध राहिले.

“सर, बरं वाटत नाही का?” कॅशियरबाईंनी विचारलं. “आणि हे बघा हो, मी मघापासून एवढं सोलतेय, ताट भरत कसं नाही?”

“ताटाचं राहू द्या!” मास्तर दातांतून म्हणाले. “कोणी हलवू नका टेबल.”

“उठतोस का बाबा?” भिंगरीने आशेने विचारलं. तिच्या हातातलं गाजर मघापेक्षा बरंच आखूड दिसत होतं, पण त्या क्षणी गाजरं मोजण्याच्या मनःस्थितीत कोणीही नव्हतं.

“मरेन,” मास्तर म्हणाले, “पण उठणार नाही.”

आणि अचानक वरचा आवाज थांबला. इतकी शांतता पसरली की घड्याळच बंद पडलं असं वाटून आजोबांनी सवयीने त्याला चावी द्यायला हात उचलला. जिन्यात ओळखीची पावलं वाजली. सिस्टर दारात आली, पर्स खुंटीला अडकवली, चपला काढल्या.

“खाली पंप चालूच होता, बंद केला मी,” असं म्हणत ती वळली आणि टेबलाभोवतीची गर्दी बघून थबकली. दमून आलेलं माणूस. तिने आधाराला उरलेल्या एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“बसू नकोस!” पाच जण एकदम किंचाळले.

सिस्टर बसली नाही. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी वॉर्डात असाच गोंधळ असतो, त्यामुळे ती मुळीच गांगरलीही नाही. तिने सगळ्यांना एकदम बोलू दिलं. मीठ, पंप, निळा रंग, ‘कोणीही’, पाटी, तत्त्व, सगळं तिने ऐकून घेतलं. मग तिने वाटी उचलली, वास घेतला, जिभेचं टोक लावलं आणि नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. नंतर ती चार पावलं चालत कचऱ्याच्या डब्यापाशी गेली, वाटी उपडी केली, बुडावर दोन टपल्या मारल्या आणि परत आणून टेबलाच्या मध्यावर ठेवली.

“झाली रिकामी.”



“पण... असं कसं...” मास्तर म्हणाले.

“तुझ्याच अटीत बसतंय,” सिस्टर म्हणाली. “का परत भरू?”

पुढच्याच क्षणी खुर्च्या करकरल्या. मास्तर आपल्या मुलीने कधी पाहिला नव्हता इतक्या वेगाने आतल्या दिशेने धावले आणि दरवाजा धाडकन बंद झाला. सेक्रेटरी “माझ्या खुर्च्या!” म्हणून जिन्याकडे पळाले. त्यांच्या खुर्चीवर निळा ठसा तेवढा राहिला. कॅशियरबाईंनी नाइलाजाने उसासा टाकला आणि उरलेली भाजी आवरायला घेतली.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “माझे वाटाणे?”

ताटात तळाशी मूठभर दाणे होते. भिंगरीच्या पुढ्यात मात्र रिकाम्या टरफलांचा भलाथोरला ढीग होता. ढिगामागे गाजरांचे हिरवे शेंडे पडले होते, एकापेक्षा जास्त. फ्रॉकच्या घडीत चार दाणे अडकले होते आणि हनुवटीला एक. आजोबांनी हे दृश्य बघून चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मधल्या त्या सगळ्या धुमश्चक्रीत, चार मोठी माणसं एका वाटीवर डोळे लावून बसलेली असताना, पोरीचे दोन्ही हात स्वस्थ बसले नव्हते.

“हिनं सगळे...” कॅशियरबाईंनी तोंड उघडलं. सिस्टरने चटकन ओठांवर बोट ठेवलं. वॉर्डात अवघड रोग्याला झोप लागल्यावर ठेवते तसं.

भिंगरीला यातलं काही दिसलं नाही. ती खुर्चीवर उभी राहिली होती. “आजोबा, आपण जिंकलो ना?”

“जिंकलो तर!” आजोबा भानावर आले. “पूर्ण विजय. एकही अट न मानता.”

“मग मिरवणूक!”

मिरवणूक निघाली. पुढे भिंगरी, मूठ वर, मुठीत अर्धं गाजर. मागे आजोबा, त्यांच्यामागे जाणं भाग असल्यासारख्या कॅशियरबाई. टेबलाभोवती फेऱ्या सुरू झाल्या. आजोबांचा बस डेपो दणाणून सोडणारा आवाज अजून शाबूत होता.

“पालक...”

“नाही खाणार!” कर्र.

“भाजी...”

“नाही खाणार!” कर्र, कर्र.

“कोणाच्या बापाची...”

“भीती नाही!” आणि राहिलेला तुकडाही तोंडात गेला.

आतला दरवाजा उघडला. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अपार शांती होती. त्यांनी मिरवणूक पाहिली. टरफलांचा ढीग, शेंडे, आणि गालांचे फुगे करून घोषणा देणारी आपली मुलगी पाहिली. हळूहळू त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांचं बोट आपोआप वर आलं. “अगं, पण ही तर...”

“एक अक्षर बोललास,” सिस्टर हळूच म्हणाली, “तर पुढच्या सगळ्या रविवारी डॉक्टरांकडे तू जायचंस.”

मास्तरांचं बोट हवेतच राहिलं. माणसांच्या चुका दाखवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण आत्ता ओठांवर आलेल्या वाक्याइतकं चविष्ट वाक्य त्यांना पूर्वी कधी सापडलं नव्हतं. संपूर्ण दिवसाची भरपाई त्या एका वाक्यात होती. ते त्यांनी जिभेवर इकडून तिकडे फिरवलं. भिंगरी त्यांच्याजवळून गेली आणि तिने जळवण्यासाठी मुद्दाम मान वेळावली. तिची मूठ अजून वरच होती, पण आता रिकामी होती.

मास्तरांनी कॅशियरबाईंच्या पिशवीतून शेवटचं, सगळ्यांत मोठं गाजर काढलं. मिरवणुकीच्या शेपटीला लागून ते लांब ढांगा टाकत पुढे गेले, मागूनच हात लांबवून त्यांनी ते गाजर त्या रिकाम्या मुठीत अलगद खोचलं आणि मग सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात, घशाच्या शिरा ताणून, ओरडले, “नाही खाणार! नाही खाणार!”